लेक पहिल्यांदाच पुण्यात शिकायला निघाली आहे: घरच्यांनी काय करावं?

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हिंगोली जिल्ह्यातले, सोयाबीन आणि हळदीची शेती, ओबीसी प्रवर्ग. मुलीला कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतून) पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळाली. घराण्यातून एवढं लांब शिकायला जाणारी ती पहिलीच. तिला हॉस्टेलला ठेवावं की कॉट बेसिसवर (खाजगी घरातल्या सामायिक खोलीत एक कॉट भाड्याने घेऊन), तिच्या आईने पहिला महिना तिथेच राहावं का, पैशांचं कसं जमवावं, आणि महिन्याभरात ती ‘मला नाही राहायचं’ म्हणाली तर काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या मुली आणि त्यांना सोडायला आलेली घरची माणसं दर वर्षी पाहते. त्यावरून एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. मुली अभ्यासात कमी पडतात म्हणून परत जातात, असं फार क्वचित होतं. अडचण आली की त्या ती घरी सांगत नाहीत. चार आठवडे लपवतात, मग आठ आठवडे, आणि तोवर साधी अडचण डोंगराएवढी होते. तेव्हा लेकीला पुण्याला पाठवताना तुमचं मुख्य काम एकच: वाईट बातमी घरी सांगायला तिला भीती वाटू नये.

मुली का लपवतात? पोरं लपवतात ती बहुतेक लाजेपोटी. मुलींच्या मनात त्यापलीकडे एक भीती असते: ‘हे कळलं तर बाबा मला घरी घेऊन जातील, शिक्षण बंद होईल, लगेच स्थळं बघायला सुरुवात होईल.’ बसमध्ये कुणी त्रास दिला, युनिट टेस्टमध्ये तीसपैकी सहा मार्क पडले, एटीएममधून पैसे गेले; अशा प्रत्येक वेळी ही भीती आधी उभी राहते. त्यामुळे तिने हिंगोली सोडण्याआधी, तिच्या आईसमोर, तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा की काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही. ‘ते तिला माहीतच आहे’ असं धरून चालू नका. बापाने हे शब्दांत सांगितलेलं ज्या मुलींनी ऐकलेलं असतं, त्या माझ्याकडेही लवकर येऊन बोलतात. हा फरक मला दर वर्षी दिसतो.

आणि मग त्याप्रमाणे वागावंही लागतं. पहिली वाईट बातमी आली की पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असा नसावा. आधी पूर्ण ऐकून घ्या. रागवायचं असेल तर दोन दिवसांनी रागवा. पहिल्या फोनवर जे घडतं, त्यावर पुढचा फोन येणार की नाही हे ठरतं.

हे दोन्ही बाजूंनी हवं. घरचे लोक मुलीपासून गोष्टी लपवतात, ‘तिच्या अभ्यासावर परिणाम नको’ म्हणून. आमच्याकडच्या एका मुलीला आजोबा दवाखान्यात असल्याचं चुलतभावाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून कळलं. त्यानंतर घरून ‘सगळं ठीक आहे’ असं कितीही सांगितलं तरी तिला खरं वाटेना. रोज रात्री ती तीन-तीन नातेवाइकांना फोन लावून खात्री करायची. घरात आजारपण असेल, पीक गेलं असेल, तर तिला सांगा. सोबत हेही सांगा की ते कोण बघतंय आणि तिने लगेच यायची गरज आहे की नाही. तेवढ्याने ती शांतपणे वर्गात बसू शकते.

आता पैशांकडे येते, कारण पहिल्या सहा महिन्यांतले निम्मे घोळ इथेच होतात.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असावा लागतो. तुमच्या मुलीचा तसाच झालाय, तेव्हा उत्पन्न मर्यादेत असेल तर ती यात बसते. पण ‘फी माफ’ ऐकून घरात जो निःश्वास सोडला जातो तो थोडा लवकर सोडला जातो. राहणं, मेस, पुस्तकं, येणं-जाणं आणि कॉलेजचे इतर आकार या माफीत येत नाहीत. कॉलेजकडून शुल्काचा तपशील कागदावर मागून घ्या, आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या.

राहण्या-जेवणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. यातली उत्पन्नाची मर्यादा फीमाफीपेक्षा बरीच कमी आहे, तेव्हा अटी नीट वाचून अर्ज करा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीसाठी स्वयम या तशाच योजना आहेत. तुमच्या गावातून अजून कुणी येत असेल तर त्यांनाही सांगा.

मात्र हे पैसे उशिरा येतात आणि हप्त्यांनी येतात. कधी येतील याचा भरवसा धरू नका. पहिल्या सत्राचा राहण्या-जेवणाचा खर्च शिष्यवृत्ती येणारच नाही असं समजून बाजूला काढा. तो शक्य नसेल तर सावकाराकडे किंवा अॅपवरच्या झटपट कर्जाकडे न जाता बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी योजनेखाली तारण लागत नाही. घरात किती पैसे आहेत आणि महिन्याला तिच्या वाट्याला किती येतील, हा आकडा तिला स्पष्ट सांगा. ज्या मुलीला आकडा माहीत नसतो ती एकतर बेफिकीर खर्च करते, नाहीतर (आणि हे जास्त वेळा होतं) बाबांवर ओझं नको म्हणून एक वेळची मेस बंद करते. रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या घरी विचारलं तर आई म्हणते, ‘मागितले असते तर पाठवले नसते का?’

निघण्याआधी एक काम मात्र कराच, ते राहिलं तर पुण्यात फार महागात पडतं. मुलीच्या आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते पाहा. बहुतेक घरांत वडिलांचा असतो. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरताना ओटीपी त्याच नंबरवर जातो. मुलगी इथे सायबर कॅफेत बसलेली, वडील शिवारात, फोनला रेंज नाही. ओटीपीची वेळ निघून जाते, पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या तारखेला हे झालं की तिथेच रडारड. आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याच फेरीत बँकेत जाऊन तिचं खातं चालू आहे का आणि त्याला आधार सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, झालंय का ते विचारा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच पडतात. शाळेत असताना काढलेलं एखादं जुनं, बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे मंजूर होऊनही हातात येत नाहीत.

कागदांचंही तसंच. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, मुदतीतलं नॉन-क्रिमीलेअर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका: सगळ्यांच्या पाच-सहा झेरॉक्स, शिवाय स्पष्ट स्कॅन तिच्या मोबाइलमध्ये आणि ईमेलवर. वैधता प्रमाणपत्र अजून जात पडताळणी समितीकडे अडकलेलं असेल तर पाठपुरावा तुम्हीच गावाकडून करा, ते काम तिच्यावर ढकलू नका. मुदतीत दाखल झालं नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो. आणि मूळ कागद कॉलेजने पडताळून परत द्यायचे असतात. ते ठेवून घेता येत नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलेलं आहे. मूळ कागदांची फाइल हॉस्टेलच्या कपाटात नको, घरी राहू द्या.

हॉस्टेल की कॉट बेसिस? पहिल्या वर्षी हॉस्टेल, शक्य तिथे कॉलेजचंच किंवा शासकीय. पुण्यात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या संस्थाही आहेत; डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती त्यातली जुनी. अशा ठिकाणी शिस्त कडक असते, काही कामं स्वतः करावी लागतात, पण आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या मुली भेटतात, आणि पहिल्या वर्षी त्याची किंमत फार मोठी असते. जागा मर्यादित असतात, अर्ज लवकर करा.

कुठेच नाही मिळाली तर कॉट बेसिस. मग एवढं पाहा: जागा दिवसा नाही, रात्री आठनंतर बघायला जा आणि कॉलेजपासूनचा रस्ता पायी चालून या. मालकाशी बोलणं होईलच, पण आत राहणाऱ्या दोन मुलींशी एकांतात बोला. डिपॉझिट कधी परत मिळतं, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, वीजबिल वेगळं आहे का, एका बाथरूममागे किती कॉट आहेत, हे लिहून घ्या. न पाहिलेल्या खोलीसाठी ऑनलाइन टोकन पाठवू नका. प्रवेशाच्या दिवसांत या फसवणुकीला ऊत येतो.

वहिनींनी महिनाभर राहू नये, असं मला मनापासून वाटतं. आईची काळजी मला कळते. पण हॉस्टेलमधल्या मैत्रिणी पहिल्या पंधरा दिवसांत जुळतात: मेसच्या रांगेत, बादलीवरून, रात्री लाइट गेल्यावर. आई जवळच्या नातेवाइकाकडे थांबलेली असली की मुलगी वर्ग सुटल्यावर तिकडे पळते, आणि या जुळणीतून बाहेर राहते. महिन्यानंतर आई गेली की ती एकटी, आणि बाकीच्या मुलींचे गट तोवर झालेले असतात. त्यापेक्षा तुम्ही दोघांनी मिळून दोन-तीन दिवस या. त्या दिवसांत सामान लावून देण्यात वेळ घालवू नका, तिला लावू द्या. तिच्यासोबत कॉलेज ते हॉस्टेल पीएमपीच्या बसने जा, तिकीट तिलाच काढू द्या, रस्ता तिलाच विचारू द्या. जवळचा दवाखाना, मेडिकल, बँकेची शाखा, आणि वाकडेवाडीचा एसटी स्टँड, जिथून तुमच्याकडच्या गाड्या सुटतात, तेवढं पायाखालून घाला. रेक्टर आणि वर्गशिक्षकांना भेटा, नंबर घ्या. पण तिथे बोलायचं काम मुलीलाच करू द्या. तुम्ही शेजारी उभे राहिलात तरी पुरे. मग निघा. साधारण महिन्याने वहिनींनी एका दिवसासाठी यावं.

फोन रोज करा, पण वेळ ठरवून, आणि दिवसातून एकदाच. ‘जेवलीस का, अभ्यास झाला का’ याला ‘हो’ हेच उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. आज भाजी कोणती होती, वर्गात शेजारी कोण बसतं, कोणते सर नीट शिकवतात, असं विचारा. नावं कळू लागली की समजा ती रुळते आहे. दोन महिन्यांनंतरही तिच्या बोलण्यात एकाही मैत्रिणीचं नाव येत नसेल, तर मला त्याची काळजी मार्कांपेक्षा जास्त वाटते.

अभ्यासाबद्दल. ती मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतून आली असेल तर पहिले पाच-सहा आठवडे तिला वर्गात बरंच काही डोक्यावरून जातंय असं वाटेल. बारावीला गावात पहिली आलेली मुलगी, आणि इथे पहिल्याच चाचणीत मागे पडते. हा धक्का अपेक्षित आहे असं तिला आत्ताच सांगून ठेवा. इंग्रजी बोलता न येणं आणि विषय न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्या वयात मुलींना त्या एकच वाटतात, आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसतात. तिने पुढे बसावं. शंका वर्गात विचारायला संकोच वाटला तर तासानंतर सरांकडे जाऊन मराठीत विचारावी. पुण्यातल्या कॉलेजांत बरेच शिक्षक स्वतः अशाच गावांतून आलेले आहेत. ते मराठीत समजावून देतात. कॅपचे राउंड लांबल्यामुळे उशिरा रुजू झालेल्या मुलींचे सुरुवातीचे तास बुडालेले असतात. त्या तासांच्या वह्या पहिल्याच आठवड्यात मिळवायच्या. प्रोग्रॅमिंग शहरातल्या काही मुलांना आधीपासून येत असतं. त्यांच्याकडे पाहून घाबरू नये. वर्ष संपेपर्यंत ते अंतर बरंच कमी होतं. लॅपटॉपसाठी हप्ते बांधून घेण्याची घाई करू नका, पहिले काही आठवडे कॉलेजची लॅब पुरते. नंतर सीनियर मुलींना विचारून घ्या.

एखादा विषय राहिलाच तर एटीकेटी मिळते, म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन तो विषय पुन्हा देता येतो. खेड्यातल्या घरांत ‘नापास’ म्हटलं की वर्ष गेलं असाच अर्थ घेतला जातो, म्हणून मुली निकाल लपवतात. तुम्हाला हा नियम माहीत आहे एवढं तिला कळलं तरी ती निकाल सांगेल.

रॅगिंगची भीती तुम्ही लिहिली नाही, पण मनात असेलच. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवेशावेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडूनही हमीपत्र घेतात. ते नुसतं सही करून देऊ नका, मुलीसोबत बसून वाचा. १८००-१८०-५५२२ ही देशभराची मोफत हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते. नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या. नाव-गाव विचारून ओळख करून घेणाऱ्या बहुतेक सीनियर मुली पुढे मदतच करतात. पण रात्री खोलीत बोलावणं, नाचायला-गायला लावणं, बोलीवरून चिडवत राहणं याला मजा म्हणायचं नाही. तिला ते सहन करायला सांगू नका.

सगळ्यात अवघड काळ पहिला आठवडा नसतो. तेव्हा सगळंच नवं असतं, सगळ्याच रडतात, एकमेकींना सावरतात. अवघड असतं ते महालक्ष्म्यांना घरी जाऊन परत आल्यावर. घरी चार दिवस गजबज, सोळा भाज्यांचं ताट, सगळे नातेवाईक. आणि परतल्यावर तीच कॉट आणि समोर परीक्षा. दर वर्षी त्या सुट्टीनंतरचे आठ-दहा दिवस आम्ही खोल्यांवर जरा जास्त फेऱ्या मारतो. तुम्हीही त्या दिवसांत फोनवर नीट कान द्या. मेसला न जाणं, दिवसा झोपणं, तास बुडवणं, अंघोळ-केसांकडे दुर्लक्ष, फोन वारंवार बंद, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’. यातल्या दोन-तीन गोष्टी मिळून पंधरा दिवस टिकल्या तर थांबू नका. रेक्टरला फोन करा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं, आणि पालकांनीही सल्ल्यासाठी फोन केला तर चालतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मानसिक त्रासावर उपचार टाळू नका. तिने मरायची भाषा केली, चिडून का होईना, तर त्याच रात्री रेक्टरला सांगून कुणाला तरी तिच्याजवळ बसवा आणि मिळेल त्या गाडीने निघा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘परत यायचंय’ म्हणाली तर. रात्रीच्या फोनवर हो किंवा नाही, काहीच म्हणू नका. ‘ऐकलं बेटा, उद्या सकाळी बोलू’ एवढंच. सकाळी विचारा की कशामुळे: खोलीतल्या मुलीमुळे, जेवणामुळे, एका विषयामुळे, कुणाच्या त्रासामुळे, की नुसती घरची आठवण. खोली बदलता येते, मेस बदलता येते, विषयाला मदत मिळते, त्रास देणाऱ्याविरुद्ध तक्रार होते. नुसती आठवण असेल तर शनिवार-रविवारी तुम्ही एक चक्कर मारा; तिला तिकडे बोलावून घेण्यापेक्षा तुम्ही इकडे आलेलं बरं. खरोखर आजारी असेल, शरीराने किंवा मनाने, तर मात्र शिक्षण बाजूला ठेवून तिला घरी न्या, बरी होऊ द्या. एक वर्ष गेलं तरी चालेल.

आजारपण नसेल तर निर्णय दिवाळीच्या सुट्टीवर ढकला. तोवर पहिली चाचणी झालेली असते, मैत्रिणी झालेल्या असतात, आणि बहुतेक मुली तो विषय स्वतःहून सोडून देतात. कॉलेजच चुकलंय असं तेव्हाही वाटलं तर दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलून मागता येतं, मात्र रिकाम्या जागा असतील तरच, आणि पहिल्या वर्षाचे गुण त्यात मोजले जातात. सीईटी सेलने, म्हणजे ही प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या कार्यालयाने, ठरवलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर एक हजार रुपये वजा करून भरलेली फी परत मिळते. ती तारीख दिवाळीच्या बरीच आधी येते, तेव्हा यंदाची तारीख कॉलेजमधून विचारून वहीत लिहून ठेवा. आणि दिवाळीत हे बोलणं काका-मामा, शेजारी जमलेले असताना करू नका. तुम्ही, वहिनी आणि ती, तिघंच बसा, आणि आधी तिला बोलू द्या.